एकाच सायकलची जागा

एलादियो सामुदियोच्या दुकानाला पाटी नाही. लागतही नाही. हँडलला बाटल्या लटकवलेला, नाकाचं सालटं निघालेला कुणी सायकलवाला रिओ अबाहो वस्तीत शिरला, की कोपऱ्यावर कोंबडी तळणारी शिओमारा न विचारताच हात करते. "तिसरं निळं दार. आत कॉफी मागू नका, मिळत नाही."

पनामात दक्षिणेचा रस्ता यावीसाला संपतो, पुढे नुसतं जंगल. म्हणून अलास्कापासून पॅडल मारत आलेल्यालाही इथे सायकल खोक्यात घालून विमानानं कोलंबिया गाठावं लागतं. ती खोकी एलादियो भरतो. चाकं काढायची, हँडल आडवं करायचं, पुढच्या मोकळ्या चिमट्यात लाकडी ठोकळा बसवायचा, टायरची हवा काढायची. डावं पॅडल काढताना उलट्या बाजूला फिरवायचं हे सांगून सांगून त्याची जीभ झिजली. एकवीस वर्षं तो दुसऱ्यांना उडवतोय. स्वतः मात्र पंचावन्नाव्या वर्षापर्यंत विमानात बसला नव्हता.

मनात नव्हतं असं नाही. मागच्या खोलीत त्याची स्वतःची सायकल टांगलेली होती, वाटसरूंनी टाकून दिलेल्या तुकड्यांतून जुळवलेली. सीट कुणा जर्मनाची, कॅरियर कुणा जपान्याचं, घंटी कुणाची ते देव जाणे. ख्रिसमस उरकला की म्हणायचा, "या उन्हाळ्यात निघतोच." उन्हाळा यायचा, त्याबरोबर वाटसरू यायचे, आणि प्रत्येकाला घाई. लग्न त्यानं केलं नाही, आईचं शेवटपर्यंत केलं. ती गेल्यावर लोक म्हणाले, सुटला बिचारा. सुटला तो आणखीच दुकानात घुसला. भर दुपारी तापल्या पत्र्याखाली गुडघे पोटाशी घेऊन बसलेला पाहिला, की वाटायचं कुणीतरी ह्याचंच खोकं भरून वरून टेप मारलीय.

यंदा फेब्रुवारीत ओफेलिया बारागान आली. मेक्सिकोतल्या सोनोराची, विधवा, निवृत्त शिक्षिका. बरोबरची बहीण गुडघा धरून वाटेतूनच घरी परतली होती. हिच्या सायकलच्या मागच्या चाकाचा आस तुटलेला. नवा येईपर्यंत वीस दिवस तिनं एलादियोच्या अंगणात झोळी बांधून मुक्काम ठोकला. गल्लीची करमणूक झाली.

"मास्तर," शिओमारा एलादियोला म्हणाली, कारागीर म्हणून गल्ली त्याला मास्तरच म्हणे, "आस तुटलाय की तुम्ही तोडलात?"

"भाग यायचाय."

"कुठून, चंद्रावरून?"

एलादियो कानापर्यंत लाल झाला आणि पाना शोधू लागला. पाना हातातच होता.

आस आला, बसला. त्या संध्याकाळी ओफेलियानं मागच्या खोलीत डोकावून विचारलं, "ही कुणाची?"

"माझी."

"टायरला धूळ तरी लागलीय का कधी?"

"लागेल की. या उन्हाळ्यात..."

"मास्तर, मी चौतीस वर्षं शाळेत काढली. गृहपाठ केलाय पण वही घरी राहिली, असं म्हणणारं पोर मी फाटकातूनच ओळखते." दुसऱ्या दिवशी तिनं कोलंबियातल्या कार्ताहेनाची दोन तिकिटं काढली. एकत्र. शिओमारानं ही बातमी कोंबडी तळता तळता तीन गल्ल्यांत पोचवली.

सायकल न्यायची तर विमान कंपनीला दोन दिवस आधी फोन करावा लागतो. विमान छोटं, खोकी मोजकीच मावतात. तो फोन एलादियोनंच केला, नेहमीसारखा. पलीकडून विचारलं, किती सायकली? तो म्हणाला, "एक."

गिऱ्हाइकाचीच मोजली.

हे कळलं विमानतळावर, खिडकीशी. सामानाचं वजन वाचवायला अंगात तीन शर्ट आणि दोन विजारी घालून तो घामानं निथळत उभा होता.

"काका, नोंद एकाच सायकलची आहे," खिडकीतली मुलगी म्हणाली. "आज दुसरी जाणार नाही. पुढची जागा मंगळवारी."

एलादियोला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगा, अगदी मनापासून हायसं वाटलं. त्यानं खोक्याला हात घातला. आता ते घरी न्यायचं, खुंटीला टांगायचं, मंगळवारी कुणाला तरी घाई असेलच. हे सगळं त्याला स्वच्छ दिसलं, आणि त्याच्या तोंडावर ते ओफेलियाला दिसलं.

"नोंद नक्की कुणाच्या नावावर आहे?" तिनं मुलीला विचारलं.

"दोघांच्या तिकिटावर मिळून एक. कुणाचीही चालेल."

"मग यांची घ्या. माझं तिकीट मंगळवारचं करा." तिनं आपलं खोकं पायानं बाजूला सरकवलं.

"असं कसं? तुम्ही जा," एलादियो म्हणाला. "मी थांबतो. मला थांबायची सवय आहे."

"तीच तर भानगड आहे."

"उद्या दोघं यायचेत. फ्रेंच आहेत."

"दुकानाची चावी द्या."

"तुम्हाला खोकं भरता येत नाही."

"आणि वीस दिवस तुमच्याशेजारी बसून मी काय केळी सोलत होते? द्या चावी. मागे लोक खोळंबलेत, मास्तर."

मागे खरंच लोक खोळंबले होते. एका बाईनं मोठ्यानं उसासा टाकला. दुसऱ्याला थांबवायचं एलादियोला कधी जमलंच नव्हतं. त्यानं चावी दिली.

विमानात त्याला मधली खुर्ची मिळाली. एकीकडे झोपलेला जाड गृहस्थ, दुसरीकडे मांडीवर केक घेतलेली आजी. आयुष्यभर साखळ्या उघडल्या-जोडल्या, पण खुर्चीचा पट्टा काही उघडेना. तरी खुडबुड करून सोडवला, उठला, आणि हवाईसुंदरीनं खांद्याला धरून बसवला. "दार बंद झालंय, साहेब."

"मला उतरायचंय."

"तासाभरात सगळेच उतरणार आहेत."

तो तासभर त्यानं समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे पाहत काढला. तीन शर्ट पाठीला चिकटले होते. खाली जंगल चाललं होतं, ज्यानं एकवीस वर्षं त्याचं पोट भरलं ते. आजी म्हणाली, बघा ना, किती हिरवं. त्यानं मान वळवली नाही.

कार्ताहेनाला खोकं आलं, एक कोपरा फाटलेलं. फरशीवर मांडी घालून त्यानं ते उघडलं. चाकं चढवली, हँडल सरळ केलं, पॅडलं बसवली, हवा भरली. मग उभा राहून सवयीनं मागे वळून पाहिलं, सायकलचा मालक कुठाय म्हणून.

कुणी नव्हतं.

फोन वाजला. "पोचलात?" ओफेलिया विचारत होती. "ते फ्रेंच आजच टपकलेत. मोठा पाना कुठे असतो?"

"फळीवर, डावीकडे. मंगळवारी याल ना?"

"येईन. पण तोवर विमानतळावर बसून राहिलात तर तशीच परत जाईन."

पाठीमागून शिओमाराचा आवाज आला, "विचारा, रडतायत का मास्तर?"

"नाही म्हणावं," एलादियो म्हणाला. त्यानं वरची विजार आणि दोन शर्ट काढून कॅरियरला बांधले, सायकल ढकलत फाटकापर्यंत नेली, आणि तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं, दक्षिणेचा रस्ता कुठला.