तांब्याच्या कळशीतलं पाणी

आमच्या टाकीतली प्रवाळं माझ्यामुळे मेली. तांबं त्यांना विषासारखं बाधतं हे मला माहीत होतं, आणि तरीही तांब्याच्या कळशीतून त्यांना पाणी घालायला मीच सांगितलं. एवढ्यावर थांबलं असतं तर चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण ती मरायला लागल्यावर मी दोष सासूबाईंना दिला. त्या आमच्या घरातून गेल्या. खरं काय ते कळल्यावरही मी पाच महिने गप्प बसलो.

साकीनाक्याच्या एका कारखान्यात मी सुटे भाग तपासतो. दिवसभर मापं घ्यायची, बसत नाही तो तुकडा बाजूला काढायचा. समुद्री पाण्याच्या टाकीचा नाद लागला तो बहुतेक त्यामुळेच. प्रवाळ दिसतं झुडपासारखं, पण तो प्राणी आहे, आणि त्याला पाण्यातला जरासा फरक सोसत नाही. खारेपणा, अमोनिया, नायट्रेट, कॅल्शियम, सगळं मोजायचं. नळाचं पाणी चालत नाही, म्हणून आमच्या मुलुंडच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी फिल्टर बसवला. त्यातून थेंबथेंब पडणारं पाणी निळ्या कॅनमध्ये साठवायचं, त्यात खास मीठ कालवायचं आणि दर रविवारी टाकीतलं थोडं जुनं पाणी काढून हे भरायचं.

"आपल्याला पाणी सकाळी पाऊण तास," बायको म्हणायची, "आणि ह्यांना चोवीस तास कारंजं. पुढच्या जन्मी मला तुझं प्रवाळ कर रे बाबा."

सासूबाई आमच्याकडे आल्या सासरे गेल्यावर. त्यांच्या मुलाची विक्रोळीला चाळीत एकच खोली, त्यात माणसं पाच. म्हणून बायकोने आईला आपल्याकडे आणलं. पण लेकीच्या घरी राहायचं हे त्यांना कधी पचलं नाही. दोन वर्षं राहूनही फ्रिज उघडण्याआधी त्या विचारायच्या. सोफ्यावर बसल्या तरी कडेला. टीव्ही कधी स्वतःहून लावला नाही.

टाकीसमोर मात्र त्या ऐसपैस बसत. मालवणकडच्या किनाऱ्यावर जन्म गेलेला. मला बादलीत मीठ ढवळताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पदर तोंडाला लावून हसल्या. "माझो जल्म समुद्रार गेलो, जावयबापू, पण मीठ कालवून समुद्र करणारो मनीस पयलोच बघतंय!"

त्यांनी प्रवाळांना नावं दिली. छत्रीसारखं एक होतं, त्याला अळंबी. जांभळ्या गोल तोंडांचा एक थवा दगडावर पसरला होता, ती बटणं. सकाळी दिवा लागला की सगळी हळूहळू फुलत, आणि मी चहा घेत असताना आतून खबर यायची, "बटणां उठली. अळंबी अजून निजलीहा."

टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज तेवढं बिनमिठाचं, फिल्टरचं पाणी वर घालावं लागतं. हे काम त्यांनी मागून घेतलं. घरात त्यांनी मागून घेतलेली ती एकच गोष्ट. मी काचेवर खुणेची पट्टी चिकटवून दिली, प्लास्टिकचा जग दिला, आणि वर्षभर त्या खुणेपासून पाणी कधी बोटभरही हललं नाही.

मग त्या प्लास्टिकच्या जगाची मूठ तुटली. कामाला निघायच्या घाईत होतो. त्यांनी स्वतःच्या पिण्याच्या पाण्याची लहान कळशी पुढे केली. "तांब्याची चलात?"

त्यांनी विचारलं होतं. मी बूट घालता घालता म्हटलं, "आई, तांब्यातलं पाणी आपण माणसं पितो. त्यांना काय होणार? उलट चांगलंच." माशांच्या औषधात तांबं असतं आणि ते प्रवाळांच्या टाकीत थेंबभरही जाऊ द्यायचं नाही, हे मी छंदाच्या पहिल्या महिन्यात वाचलं होतं. औषधाची बाटली म्हटली की ते आठवायचं. घरातली कळशी पाहून आठवलं नाही.

नवा जग आणायचा मी विसरलो. त्या संध्याकाळीच कळशी भरून ठेवत, सकाळी ओतत. हे जिवंत जिवांचं पाणी म्हणून रोज आमसुलाने घासत, लखलखीत करत. फिल्टरच्या पाण्यात काहीच विरघळलेलं नसतं, ते भांड्यातून ओढून घेतं. आंबट लावून घासलेल्या कोऱ्या धातूवर ते रात्रभर बसायचं. त्या जितक्या मनापासून घासत, तितकं तांबं पाण्यात उतरत होतं.

आधी टाकीतल्या गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. मग झिंगा मेला. मग एका सकाळी चहाच्या वेळी आतून हलका आवाज आला, "आज कोण उठूक नाय."

मी सगळं तपासलं. सगळं जिथल्या तिथे होतं. तांब्याची तपासणी माझ्या संचात नव्हती. चौथा हिस्सा पाणी बदललं. दोन दिवसांनी पुन्हा बदललं. कळशी रोज चालूच होती. बटणं मिटून काळी पडली. फांद्यांच्या एका प्रवाळावरचं मांस सोलल्यासारखं उतरलं आणि खाली पांढरं हाड उघडं झालं. माझं मोजमाप चुकत नव्हतं, म्हणजे चूक कुणाच्या तरी हातात होती, असा माझा हिशोब झाला.

त्या रविवारी विक्रोळीहून मेव्हणा आणि त्याची बायको जेवायला आले होते. पानं वाढलेली होती. सासूबाई सुरमई तळून नुकत्याच बाहेर येऊन टाकीपाशी उभ्या राहिल्या होत्या, हाताला तेल. ते तेल पाहिलं आणि माझा तोल गेला.

"आई, खरं सांगा. तुम्ही पाण्यात काय घातलंत?"

"मी काय्येक घालूक नाय, जावयबापू."

"हळद? फुलं? तेलाचा हात?"

"नाय ओ. तुमी सांगितलास तितक्याच."

"मग काय आपोआप मेली? तुमच्या हातात दिलं तिथेच चुकलं माझं."

"अरे, काय बोलतोयस तू?" बायको म्हणाली. मेव्हण्याने घास खाली ठेवला. सासूबाई आत गेल्या, साबणाने हात धुऊन आल्या आणि सगळ्यांना भात वाढला. संध्याकाळी मुलाबरोबर निघताना लेकीला म्हणाल्या, चार दिवस जाऊन येते. कळशी पिशवीत घातली. परत आल्या नाहीत.

नंतरच्या आठवड्यात मी घाटकोपरच्या ज्या दुकानातून प्रवाळं आणायचो तिथे टाकीचं पाणी घेऊन गेलो. दुकानदाराने आकडे ऐकून घेतले आणि विचारलं, "वरचं पाणी कशाने घालता?" मी सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला. "यार, तुम्ही शिकलेले लोक." त्याने तांबं शोषून घेणारी, स्पंजसारखी एक पांढरी चकती दिली. टाकीच्या फिल्टरमध्ये ठेवल्यावर दोन दिवसांत ती निळी-हिरवी झाली.

मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकली. बायकोने विचारलं तेव्हा म्हटलं, "कुठला तरी रोग असणार." ती म्हणाली, "मग आईला फोन करून सांग ना तसं." मी म्हटलं, सांगतो.

अळंबी शेवटपर्यंत टिकली, मग एका दिवसात वितळली. पाणी पूर्ण बदललं, चकत्या बदलल्या, तीन महिने थांबून एक लहानसं प्रवाळ आणून ठेवलं. आठव्या दिवशी तेही गेलं. दुकानदार म्हणाला, तांबं दगडांत मुरतं आणि मागाहून थोडं थोडं सुटत राहतं. या दगडांवर आता काही जगायचं नाही. मी ते दगड फेकलेले नाहीत. टाकीत पाणी आहे, दिवा वेळेवर लागतो, आत काही नाही.

त्या पाच महिन्यांत आम्ही तीनदा विक्रोळीला गेलो. सासूबाईंची गादी दाराशी, येणारा-जाणारा पाय चुकवून जायचा. दर वेळी त्या मला विचारत, "अळंबी उघाडली काय?" पहिल्यांदा मी म्हटलं, "उघडेल." दुसऱ्यांदा, ती मेल्यानंतर, म्हटलं, "हो, थोडी थोडी." त्यांचा चेहरा उजळला. खोटं बोलून आपण त्यांना बरं वाटू दिलं, अशी मी घरी येताना स्वतःची समजूत घातली.

तिसऱ्यांदा, गेल्या महिन्यात, बायको आईला परत आणायचंच ठरवून गेली होती. "बॅग भर गं आई, आत्ता."

"नको. लेकीकडे ऱ्हवलंय तितक्या पुरे."

"इथे पाय पसरायला तरी जागा आहे का?"

त्यांनी पाय आणखी जवळ ओढून घेतले. मेव्हण्याची बायको चहा गाळत होती. ती म्हणाली, "ताई, त्या आता काही हातच लावत नाहीत कशाला. गॅलरीत ओव्याचं रोप आहे ना, मी म्हटलं पाणी घाला, तर म्हणतात, माझो हात बरो नाय, माझ्या हातान जीव जातत. मी हसले. तर खरंच रडल्या."

सासूबाईंनी लाजून पदर डोळ्यांवर घेतला. "गप गो. जावयबापू इलेत, काय ता सांगतस."

माझ्या हातात चहाचा कप आला. मी तो खाली ठेवला. खोलीत त्या रविवारी जेवायला बसलेली सगळी माणसं होती, वर माळ्यावर मेव्हण्याच्या दोन मुली अभ्यास करत बसलेल्या. उठून उभा राहिलो तर डोकं आपटेल इतका माळा खाली आलेला, म्हणून गादीच्या कडेला जमिनीवर बसलो. आता सांगून त्या परत येणार नव्हत्या, हे मला त्यांनी बायकोला दिलेल्या उत्तरातच कळलं होतं. टाकीतल्या दगडांवरही आता काही जगणार नव्हतं. तरीही आधीसारखाच चहा पिऊन, काही न सांगता उठून जाणं मला जमेना.

"आई," मी म्हटलं, "अळंबी मेली. सगळीच मेली, कधीच. मी तुमच्याशी खोटं बोललो. त्यांना तांब्याने मारलं. तुम्ही मला विचारलं होतं, तांब्याचं चालेल का, आणि मी चालेल म्हटलं. मला माहीत असायला हवं होतं, माहीत होतंच. तुमच्या हाताने काही गेलं नाही. सगळ्यांच्या समोर मी तुम्हाला बोललो, आणि नंतर कळलं तेव्हा हिलासुद्धा सांगितलं नाही. तुम्ही परत या म्हणून मी हे सांगत नाही. माझं चुकलं, आई. मला माफ करा."