दुसऱ्या अंगाचं गाणं

आमच्या बायकोइतकी एकाच गाण्यावर आख्खा संसार रेटणारी बाई निपाणीत दुसरी झाली नाही, आणि होऊही नये, शेजाऱ्यांनाही कान असतात. आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते मेथी निवडायचं. दिवस मावळायला आला होता, दोघं उंबऱ्यात बसलेलो, मधे भाजीची जुडी आणि शेजारी टेपरेकॉर्डर. टेपरेकॉर्डरला जागा करून देण्यासाठी मी पायरीवर सरकलो होतो, यावरून घरात मोठं कोण होतं ते समजून घ्या.

ते गाणं आमच्या मेव्हण्यानं आणलेलं. तो जहाजावर स्वयंपाकी होता. बाकीचे लोक जहाजावरून बायकांना साड्या आणतात, घड्याळं आणतात. ह्यानं बहिणीला एक कॅसेट आणली. त्यात गाणी किती, तर एक. कॅसेटच्या एका अंगाला अमेरिकेतला कुणीतरी माणूस तालावर भडाभडा बोलतोय, आणि दुसऱ्या अंगाला तोच ठेका, फक्त माणूस गप्प. मी म्हटलं, "अरं, ह्यो गातोय का भांडतोय?" मेव्हणा म्हणाला, "दाजी, ह्यात त्यो त्याच्या गल्लीचं सांगतोय. भाडं, पोलीस, मालक, कामावरची हैराणी." हे ऐकून आमची मंडळी बिडी वळता वळता थांबली. ती कामात कधी थांबत नसे. म्हणाली, "म्हंजे मुकादम तिकडंबी असतोय." झालं. अमेरिकेत कुणीतरी आपल्या गल्लीची बोंब मारली आणि ती बोंब सात समुद्र ओलांडून पस्तीस वर्षं माझ्या डोक्यावर येऊन बसली.

पहिल्या अंगाशी तिला फारसं देणं-घेणं नव्हतं. इंग्रजी तिला येत नव्हतं, मलाही नाही, मी चौथी पास आणि ती शाळेच्या भिंतीपर्यंत पास. तिचं राज्य दुसऱ्या अंगावर. तिथं तो माणूस गप्प असतो ना, त्या मोकळ्या जागेत ही बोलायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, बोटं ठेक्यावर चाललेली, आणि तोंडानं गल्लीतल्या एकेका बाईची हकिकत. गल्लीभरच्या बाया आपापली सुपं घेऊन आमच्या सोप्यात यायच्या. मी चहाला विचारलं तरी कुणाचं लक्ष नसायचं. एक कडवं तर गावभर झालं होतं:

हौसाचं हजार, शंभर छाट,
छाटीचा बी धूर निघतोय ताठ.

हजार म्हणजे दिवसभराच्या बिड्या, आणि छाट म्हणजे त्यातनं मुकादमानं नापास करून बाजूला काढलेल्या बिड्या. त्याचे पैसे बाईला नाहीत, पण बिडी कुठं जाते? कुणीतरी ओढतंच की. मुकादमाला हे कडवं ऐकू गेलं तेव्हा तो महिनाभर आमच्या गल्लीतनं मान खाली घालून गेला, आणि हौसाच्या शंभराच्या साठ झाल्या. मी बायकोला म्हटलं, "संघटनेनं जे केलं न्हाय ते तुझ्या टेपनं केलं, आता निवडणुकीला हुबी ऱ्हा." ती म्हणाली, "तुमी माझं भाषण लिवणार असला तर ऱ्हाते." टोमणा मारावा तर तिनंच.

आता तिचा वेडेपणा ऐका. ठेका आणि हात यांची तिनं अशी गाठ घातली होती की टेपचे सेल उतरले की तिचा हातही उतरायचा. एकदा पावसाळ्यात लाइट नव्हती, सेल मरणाला टेकलेले, गाणं म्हशीसारखं रेंगाळत चाललेलं, आणि ही त्याच चालीनं वळत बसली. बिड्या झाल्या जाडजूड, नवरदेवासारख्या. मुकादमानं पुडेच्या पुडे छाटीत टाकले. ही त्याला म्हणाली, "माझ्या हातात खोट न्हाय, शेल उतरलेत. उद्या नवं घालते, मग बघ." त्या माणसानं तेवीस वर्षं मुकादमकी केली होती, असलं कारण त्यानं ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खरंच नवे सेल, आणि एकही बिडी छाटीत गेली नाही. त्यानं नंतर मला रस्त्यात गाठून विचारलं, "आप्पा, वैनींची तब्येत बरी हाय न्हवं?" मी म्हटलं, "वैनींची बरी हाय, माझी बिघडलीया."

पुढं पुढं तर तो ठेका कुठंही ऐकू यायला लागला. गल्लीतल्या सुना पोरं झोपवायच्या त्यावर. बोरगावची एक सून माहेरी गेली आणि तिथल्या बायकांत लावून आली. अंगणवाडीच्या बाईंनी त्यावर पाढे बसवले. सतराचा पाढा मला आजही त्याशिवाय येत नाही, हे मी कबूल करतो. मग एका जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या गाडीवर तोच ठेका लागला, वर मराठी शब्द. ही साठी उलटलेली बाई गाडीसमोर उभी. ट्रॅक्टर थांबला, मिरवणूक थांबली.

"ह्ये कुठनं आणलंस?"

"आज्जी, मीच केलंय. रिमिक्स हाय."

"असंल. पन ह्याची आई माझ्या घरात हाय, पस्तीस वर्सं. आई कोण त्ये सांग, मग वाजीव."

त्या डीजेनं माइकवरून सांगितलं हो. सगळी वस्ती हसली, मी गर्दीत दुसऱ्याच कुणाचा तरी नवरा असल्यासारखा उभा राहिलो.

आमची नात बेळगावात कॉलेजला आहे. तिच्या तिथल्या पोरी असलंच तालावर बोलतात, मराठीत, कन्नडमध्ये, दोन्हीची खिचडी करून. तिनं सांगितलं की आज्जीचं गाणं जगात नावाजलेलं आहे, त्याचा ठेका शेकडो जणांनी उचललाय. आमची मंडळी नुसती मान हलवून म्हणाली, "मला ठावं हाय." नातीला आज्जीचे शब्द हवे होते. फोन पुढं धरला की ही मुकी. सुपात हात चालल्याशिवाय, बाया भोवती बसल्याशिवाय तिच्या तोंडातनं शब्द निघत नसे, आणि बिड्या वळणं तर डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वी बंद केलेलं. बायाही उरल्या चार. त्यात तिच्या ओळी एकेक करून सुटायला लागल्या. नात मला म्हणायची, "आज्जा, तू रोज ऐकलंयस, तू तरी लिहून ठेव." बायकोही म्हणायची, "तुमच्या ध्यानात हाय, लिवा." मी दोघींना एकच उत्तर द्यायचो, "माझ्या ध्यानात काय बी न्हाय. मी कान बंद करून संसार केलाय."

हे खोटं होतं.

त्या संध्याकाळी मेथी निवडताना तिनं दुसरं अंग लावलं आणि म्हणायला लागली. शांताच्या कडव्यात अडकली. पुन्हा मागं नेऊन लावलं, पुन्हा तिथंच अडकली. माझ्याकडं बघितलं. मला ओळ येत होती. मी जुडीतली पिवळी पानं बाजूला करत म्हटलं, "उद्या आठवंल." ती म्हणाली, "लई ताठा तुमचा." मग भाकरी, मेथीची भाजी, झोप. रात्रीतनं ती गेली, मला न उठवता. आयुष्यात पहिल्यांदा तिनं काही गुपचूप केलं.

सकाळी लोक जमले. नात बेळगावहून निघाली होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं सरलेल्या महिन्याचं पान फाडलं, कोऱ्या बाजूवर लिहायला बसलो, तिच्या उशापाशी. शेजारच्या अण्णांनी खांद्यावर हात ठेवला, "पावण्यांची यादी काय, आप्पा?" मी म्हटलं, "व्हय." अक्षर माझं कोंबडीच्या पायाचं, पण एक एक ओळ आली. शांताची आली, आनशीची आली, मुकादमाची दोन्ही आली. एका ठिकाणी अडलो तेव्हा रडणाऱ्या बायांना विचारलं. त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि भांडायला लागल्या. हौसा म्हणाली, "'पान फाटकं' हाय त्यात." शांता म्हणाली, "फाटकं न्हवं गं, 'वलं' हाय, माझंच कडवं, मला ठावं न्हाय व्हय?" मी दोन्ही लिहिलं. मयताच्या घरात चार म्हाताऱ्या हलक्या आवाजात ठेक्यावर बोलत होत्या.

शेवटच्या कडव्यात एक ओळ माझ्यावर असायची. ती ओळ ती रोज बदलायची. काल मी चहा सांडला तर चहा, परवा घोरलो तर घोरणं. बायांना विचारलं, "आज काय म्हणाली असती गं?" कुणालाच सांगता आलं नाही. मग तेवढी एक ओळ कोरी सोडली, कागद घडी करून नातीसाठी खिशात ठेवला, आणि दारातल्या माणसांना म्हटलं, "पोरगी पोचली की उचलू."