सदर इसम कचरा जाळतो

नव्या घरात राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी दुसऱ्याच्या घरात बसून चहा मागितला.

सकाळचे सात वाजले असतील. दुधाच्या दोन पिशव्या घेऊन मी वळणावरच्या टपरीवरून परत येत होतो. धुकं असं की हातातल्या पिशव्या दिसत होत्या, पायातल्या चपला दिसत नव्हत्या. आमच्या वसाहतीतली चोवीस घरं एकाच साच्यातून काढलेली. तेच फाटक, तीच तुळस, तोच पिस्ता रंग. मी फाटक ढकललं, चपला काढल्या, सोफ्यावर टेकलो आणि आतल्या दिशेने म्हणालो, “आज आलं जरा नीट किस. काल नुसतं गरम पाणी होतं.”

आतून एक अनोळखी बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. घाबरल्या नाहीत, पण गोंधळल्या. म्हणाल्या, “काल तुम्ही आमच्याकडे चहा घेतला?”

त्यांचे यजमान मागोमाग आले. सगळा प्रकार कळल्यावर ते इतके हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली. मग त्यांनी मला खरोखरच चहा पाजला, भरपूर आलं घालून. हे आमच्या वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष. ओळख अशी झाली, आणि पुढचं सगळं त्या ओळखीतूनच घडलं.

ही वसाहत जळगावातून तापीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नाव सांगत नाही, पण त्या नावात ‘सागर’ आहे. समुद्र इथून एका रात्रीच्या प्रवासावर. माहितीपत्रकावर शिडाची होडीसुद्धा छापली होती. ती पाहून बायको म्हणाली होती, “होडीचे पैसे वेगळे घेतात की घरातच धरलेत?” तरी आम्ही घर बघायला गेलो. दलाल हुशार होता, त्याने आम्हाला हिवाळ्यात सकाळी सातला नेलं. थेट गच्चीवर. समोर नदीपर्यंत पसरलेलं धुकं, आणि त्यातून केळीच्या पानांचे फक्त शेंडे वर आलेले, हळूहळू हलणारे. मी कठड्याला धरून उभा राहिलो. बावन्न वर्षं खानदेशच्या उन्हात काढलेल्या माणसाला गच्चीवरून असा समुद्र दिसला तर त्याने काय करावं? मी तिथेच मनातल्या मनात सही केली.

बायको मात्र खाली, बांधाकडे बघत होती. ती जामनेरकडची, कपाशीवाल्या घरची. तिने दलालाला विचारलं, “ही बाग कोणाची? माणूस कसा आहे?”

“वहिनी, आपल्याला बागेशी काय करायचंय? आपल्याला व्ह्यू पाहिजे.”

“शेजार तर त्याचाच आहे ना,” ती म्हणाली. मी तिला डोळ्यांनी दटावलं. तेवढ्यासाठी भाव वाढवेल, अशी मला भीती.

राहायला आल्यावर हळूहळू लक्षात आलं की आमच्या समुद्रातला बराचसा भाग धूर आहे. नदीवरून धुकं यायचं ते येतच होतं, पण त्यात बांधावरच्या बागेतून निघालेला धूर मिसळायचा. ओल्या पाल्याचा, दाट, जमिनीलगत सरपटणारा. सकाळी दार उघडलं की तो पाहुण्यासारखा आत यायचा. वाळत घातलेल्या कपड्यांना वास, उशांना वास. बायकोला थंडीत दमा जरा वर येतोच, ती पहाटेपासून खोकायला लागली. वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी शुभेच्छांच्या खाली धुराचे फोटो पडू लागले.

एका रविवारी अध्यक्ष घरी आले. या वेळी ते बरोबर घरात आले होते. म्हणाले, “साहेब, तुम्ही सरकारी कचेरीतले. तुमच्यासारखा मसुदा आमच्यात कोणाला जमणार? ग्रामपंचायतीला एक कडक अर्ज टाका.”

सव्वीस वर्षं मी लोकांचे अर्ज आवकेत नोंदवत आलो. अर्जाला उत्तर मिळतं की नाही ते मला माहीत आहे, पण अर्ज कसा असावा तेही माहीत आहे. ‘तुमच्यासारखा’ या एका शब्दावर मी विरघळलो.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, बाग शंभर पावलांवर आहे. चालत जा आणि त्या माणसाशी बोला.”

“बोलण्याचं रेकॉर्ड राहत नाही,” मी म्हणालो.

“मग भांडणाचं रेकॉर्ड कशाला पाहिजे?”

मी लिहायला बसलो होतो. ‘सदर इसम दररोज रात्रौ व पहाटे शेतातील कचरा हेतुपुरस्सर जाळून रहिवाशांच्या आरोग्यास बाधा निर्माण करीत असून...’ हेतुपुरस्सर हा शब्द माझा खास. ‘वसाहतीतील एक महिला श्वसनविकाराने त्रस्त आहेत’ हेही मी घातलं, त्या महिलेला न विचारता. खाली चोवीस घरांच्या सह्या झाल्या. अध्यक्षांनी अर्ज मोठ्याने वाचला तेव्हा दोघातिघांनी मान डोलावली, आणि मला कविसंमेलनात बसल्यासारखं वाटलं.

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा अर्जाला आठ दिवसांत उत्तर मिळालं. ग्रामपंचायतीने बागवाल्याला नोटीस दिली. दुसऱ्या पहाटे धूर नव्हता. तिसऱ्याही. धुकं तेवढं राहिलं, स्वच्छ, पांढरं, दलालाने दाखवलं होतं तसं. समितीच्या बैठकीत मला शाल आणि नारळ दिला. शाल मी लगेच पांघरली, कारण त्याच आठवड्यात कडाक्याची थंडी पडली होती. सकाळी नळाचं पाणी हाताला चावायचं. लोक म्हणत होते, अशी थंडी बऱ्याच वर्षांत पडली नाही. त्या थंडीत उबदार शाल पांघरून मी गच्चीवर उभा राहायचो आणि माझ्या अर्जाने धुतलेली हवा छातीत भरून घ्यायचो.

थंडी जरा उतरल्यावर एका सकाळी मी फिरत फिरत बांधापर्यंत गेलो. ऊन आलेलं होतं. आणि तिथे मी थांबलो, कारण बाग वेगळी दिसत होती. पानांच्या कडा काळ्या पडलेल्या, मधला हिरवा भाग पिवळट झालेला. पुढच्या ओळीतल्या झाडांना घड निसवत होते, म्हणजे खोडाच्या शेंड्यातून बाहेर पडत होते, आणि निम्मे बाहेर येऊन तिथेच अडकले होते. गळ्यात घास अडकल्यासारखे.

मी सावद्याकडच्या केळीवाल्या घरचा. सतराव्या वर्षी शिकायला बाहेर पडलो, शेत भावाने सांभाळलं. पण हे काय आहे ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. थंडीचा चरका. आणि चरका बसू नये म्हणून काय करतात, तेही मला त्याच क्षणी आठवलं. इतकी वर्षं डोक्यात होतं, नेमकं लागलं तेव्हाच आठवलं नव्हतं. आमचे नाना, म्हणजे वडील, पौषात बागेच्या उत्तरेच्या बांधावर ओला-सुका पाला पेटवायचे. “जाळ दिसला का चुकलं, धूर दिसला का बरोबर,” असं ते म्हणायचे. धूर बागेवर रात्रभर गोधडीसारखा पसरून राहायचा. आमच्या घरात नदीवरून येणाऱ्या धुक्याला धुई म्हणत आणि बांधावर केलेल्या या धुरालाही धुईच म्हणत. आज धुई पडली, आज धुई करायची. मी शहरात आलो, धुईचं धुकं केलं, आणि दुसरा अर्थ कुठेतरी गळून पडला. मग तो धूर माझ्या अर्जात कचरा होऊन गेला.

बागेतून एक म्हातारा गृहस्थ बाहेर आले. डोक्याला मफलर, हातात विळा, बोलणं ‘ळ’चा ‘य’ करणारं.

“या भाऊ, या. अठी ओलं हाये, पाय सांभाया. तुमी त्या नव्या घराईतले ना?”

“हो आबा.” मग पानांकडे बघत मी म्हणालो, “चरका बसलेला दिसतो.”

त्यांनी मला नीट बघितलं. “तुमाले समजते? कुठले तुमी?”

“सावद्याकडचा.”

“मंग तं आपलेच!” ते इतके खूश झाले की मला जागच्या जागी गाडून घ्यावंसं वाटलं. “नही तं तुमच्या घराईत सगये बाहेरचे. त्याईले काय समजीन? कोनीतरी अर्ज केला भाऊ माह्यावर. लय चांगला लिहेल व्हता. सूनबाईकून मी तीनदा वाचून घेतला. मी म्हने कचरा जायतो. हेतु... काय म्हने ते?”

“हेतुपुरस्सर,” मी म्हणालो. जीभ चावेपर्यंत शब्द बाहेर गेला होता. 

“हां, तेच! तुमाले बरोबर आलं.” ते हसले. “आता बाग जगवासाठी धुई करतो, त्याले कचरा म्हनतीन तं मी काय बोलू?”

“तुम्ही जाऊन सांगायचं ना पंचायतीत. सोडलं असतं त्यांनी.”

“कागद आला ना भाऊ. कागदासंगे मले भांडता येत नही. मानूस आला असता तं बोललो असतो. चहा पाजला असता.” त्यांनी एका अडकलेल्या घडावर हात ठेवला. “लिहिनारा चांगल्या घरचा असीन. फक्त केयीच्या घरचा नसीन.”

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण त्यातून बाहेर पडलं ते एवढंच, “हो, नसेल.”

निघताना त्यांनी मागच्या, वाचलेल्या ओळीतून केळ्यांची एक फणी कापून माझ्या हातात दिली. सावद्याचा माणूस रिकाम्या हाताने कसा जाऊ द्यायचा, म्हणून. नको म्हणायलाही मला तोंड नव्हतं. बांधावरून घरापर्यंतची ती शंभर पावलं मी फणी छातीशी धरून चाललो. अध्यक्ष त्यांच्या फाटकातून ओरडले, “काय साहेब, तिकडून हप्ता सुरू झाला वाटतं!”

घरी बायकोने फणी पाहिली, माझं तोंड पाहिलं, आणि विचारलं, “कोणी दिली?” मी सगळं सांगितलं. हेतुपुरस्सरपर्यंत. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. फणी तिने टेबलावर ठेवली. दोन दिवस ती तशीच होती. मी येता-जाता बघायचो, सालीवर ठिपके येत चालले होते. हात लावायची हिंमत होत नव्हती. तिसऱ्या सकाळी रेडिओवर सांगितलं की थंडी पुन्हा वाढणार आहे. बायकोने रेडिओचा आवाज वाढवला.

मी कचेरीत रजा टाकली आणि आधी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकाला म्हणालो, माझा अर्ज चुकीचा होता, मला तो मागे घ्यायचा आहे.

“साहेब, अर्ज मागे घ्यायलाही अर्ज लागतो,” तो म्हणाला. स्वतः बारनिशीत, म्हणजे आवक-जावकेच्या टेबलावर, बसणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. मी तिथेच बाकावर बसून चार ओळी लिहिल्या. एकही चांगला शब्द सुचला नाही. ‘सदर धूर हा केळीपिकाच्या संरक्षणासाठी असून ते मला माहीत असणे आवश्यक होते.’ खाली एकच सही.

तिथून बागेत गेलो. आबा अडकलेले घड उतरवून बांधावर रचत होते. त्या ढिगाकडे बघत मी म्हणालो, “आबा, तो अर्ज मी लिहिला होता. आत्ता मागे घेऊन आलो.”

त्यांचे हात थांबले. मला वाटलं, ओरडावं यांनी, विळा फेकावा, निदान सावद्याला नावं ठेवावीत. त्यांनी तसं काही केलं नाही. नुसतं विचारलं, “परवा अठी उभे व्हते तवा कावून नही सांगितलं?”

“लाज वाटली.”

“अन् फनी नेली.”

“नेली.”

ते पुन्हा घड उतरवायला लागले. दोन घड उतरवून झाल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाले, “पुढची बाग तं गेली. मागची हाये अजून. दिवस मावयाच्या आत पाला गोया कराले लागीन. मले एकट्याले व्हनार नही.”

मी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. दुपारभर आम्ही दोघांनी वाळलेली पानं ओढली, त्यावर ओली टाकली, उत्तरेच्या बांधाने ढीग घातले. माझ्या पहिल्या ढिगातून भसकन जाळ निघाला. आबा लांबूनच म्हणाले, “चुकलं.” नानांचाच शब्द, त्याच आवाजात. मी ओला पाला वर दाबला. दुसऱ्या ढिगातून धूर निघाला. या वेळी ते काही बोलले नाहीत, आणि तेवढंच मला मिळालं. मला माफ केलं की नाही ते त्यांनी आजपर्यंत सांगितलेलं नाही. विचारायची माझी छाती नाही.

ऊन उतरलं तसा धूर बागेवर पसरला आणि वाऱ्याबरोबर आमच्या चोवीस घरांकडे सरकू लागला. मी त्याच्यामागून घरी आलो. केसात राख, हाताला केळीच्या चिकाचे काळे डाग. बायकोने दार उघडलं आणि आधी खोकली. चांगली दोन मिनिटं. मी दारातच उभा राहिलो. म्हणालो, “तुला त्रास होणार आता. जानेवारी संपेपर्यंत तू हवं तर ताईकडे जाऊन...”

तिने हाताने मला थांबवलं, दम घेतला, पाण्याचा घोट घेतला.

“माझ्या खोकल्याचं मी बघते,” ती म्हणाली. “तुम्ही आता आंघोळीला पळू नका. असेच जा, राखेसकट. चोवीस घरं आहेत. प्रत्येकाला सांगा, आजपासून रोज धूर येणार, खिडक्या लावून घ्या, आणि का येणार तेही सांगा. तोंडानं सांगायचं. कागद न्यायचा नाही.”