नरसिंहअण्णांची कोरी भिंत

राजाजीनगरच्या नरसिंहअण्णांना माणसांचं वावडं होतं असं कुणी म्हणू नये. लग्नाच्या पंगतीत सगळ्यात मोठ्यानं हसणारा आवाज त्यांचाच असायचा. फक्त फोटोत त्यांना माणूस चालत नसे. माणूस नको, झाड नको, वायर नको, पाटी तर नकोच नको. एक भिंत, तिची एक कड, वर थोडं आभाळ; झाला फोटो.

हे खूळ निवृत्तीनंतरचं. लेक संहिता लग्न होऊन पुण्याला गेली, तेव्हा आपला छोटा कॅमेरा घरीच ठेवून गेली. फोनमध्ये सगळं येतं, म्हणून तिला तो नको होता. साबणाच्या वडीएवढा तो कॅमेरा अण्णांच्या शर्टाच्या खिशात जो बसला तो बसलाच. यशवंतपूरच्या मेट्रोचे खांब झाले, इंदिरानगरातल्या कचेऱ्यांच्या काचा झाल्या. तिथं एका वॉचमननं त्यांना पकडलं आणि कॅमेऱ्यातले फोटो दाखवायला लावले. एकातही काही नाही हे बघून बिचाऱ्याला अण्णांची दया आली. "सरी, होगी सार," बरं, जा साहेब, असं कानडीत म्हणत त्यानं त्यांना सोडून दिलं. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला, की उत्तर ठरलेलं: "अण्णा, चुकून बटन दाबलं गेलं वाटतं."

पण अण्णांचा खरा जीव जडला होता तो समाजाच्या मंगल कार्यालयाच्या गच्चीवरच्या भिंतीवर. देणगी दिली की वस्तूवर नाव घालायचं, ही समाजाची जुनी रीत. खुर्च्यांच्या पाठीवर नावं, पातेल्यांवर नावं. वधूच्या खोलीतल्या आरशावरही नाव, त्यामुळे नवरीला कुंकू लावताना कुणा कैलासवासी काकांच्या खालून वाकून बघावं लागे. पंख्यांच्या पात्यांवर नावं. ती वाचायची तर पंखा बंद हवा, म्हणून दात्याच्या घरचं कुणी आलं की सगळी पंगत घामाघूम होई. गच्चीवरची, पाण्याच्या टाकीजवळची ती पांढरी भिंत तेवढी सुटली होती, कारण तिकडे कुणी फिरकतच नसे. सकाळी टाकीची तिरपी सावली तिच्यावर पडायची आणि अण्णा तिच्यासमोर देवापुढं उभं राहावं तसे उभे असायचे.

समाजाच्या स्मरणिकेसाठी अध्यक्ष भीमाचार्यांनी त्यांच्याकडे कार्यालयाचा एक छानसा फोटो मागितला. अण्णा हरखून गेले. आजवर त्यांचा फोटो कुणी आपणहून मागितला नव्हता. त्यांनी अर्थातच भिंतीचा दिला.

समितीच्या बैठकीत तो फोटो हातोहात फिरला. प्रत्येकानं त्यात आपलं नाव शोधलं, कुणालाच सापडलं नाही. शेवटी भीमाचार्यांनी चष्मा पुसला.

"नरसिंहा, ही भिंत आपलीच?"

"आपलीच, आचार्य."

"एवढी मोठी? आणि हिच्यावर कुणाचंच नाव नाही?"

पेंगुळलेल्या बैठकीत एकदम चैतन्य आलं. फोटो छापायचा ठरला, आणि त्याच्याखाली एक ओळही ठरली: 'ही भिंत दात्याच्या प्रतीक्षेत आहे.'

अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. भिंत आहे तशी कोरी राहू द्या, म्हणून त्यांनी आचार्यांना परोपरीनं विनवलं.

"कोरी ठेवून कसं चालेल?" आचार्य समजुतीच्या सुरात म्हणाले. "लोक म्हणतील, समाजात देणारा उरला नाही."

त्या दिवशी अण्णा भरल्या पानावरून उठले. अहल्याबाईंनी नवऱ्याचे इतके फोटो पाहिले होते, पण त्यात बघायचं काय, हे काही त्यांना कधी उमगलं नव्हतं. नवरा उपाशी उठला हे मात्र त्यांना लगेच उमगलं.

"अहो, काय झालं ते तरी सांगा."

"ती भिंत माझी आहे गं," अण्णा म्हणाले. "तिच्यावर दुसऱ्या कुणाचं नाव आलं, तर मला नाही बघवणार."

"सरी," अहल्याबाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातात ताकाचं भांडं दिलं.

पुढचे काही दिवस त्या भलत्याच खुशीत होत्या. मग एका सकाळी त्यांनी अण्णांना कॅमेरा घ्यायला लावलं आणि कार्यालयात नेलं. एका हातानं कठडा, दुसऱ्यानं गुडघा धरत, पायरीपायरीला नारायणाला हाक मारत त्या गच्चीपर्यंत चढल्या.

भिंतीवर हातहात उंचीची तांबडी अक्षरं होती: 'श्री. बी. नरसिंहराव'. पेंटर ब्रश धूत बसला होता.

"दुसऱ्या कुणाचं येऊच दिलं नाही," अहल्याबाई धापा टाकत म्हणाल्या. "सगळ्यांच्या आधी मी आचार्यांकडे जाऊन आले. आता काढा फोटो."

अण्णांनी कॅमेरा वर धरला. टाकीची सावली 'नर' आणि 'सिंह' यांच्यामधून तिरपी गेली होती. हसावं की रडावं, त्यांना कळेना. भिंत गेली, कायमची गेली, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटलं. पण जिला त्या भिंतीत कधी काही दिसलं नव्हतं, ती बाई तिच्यासाठी असले गुडघे घेऊन अख्ख्या समितीच्या पुढं धावली होती.

त्यांनी कॅमेरा खाली घेतला.

"तुझं नाव कुठंय?"

"माझं कशाला मेलं? भिंत तुमची."

अण्णा पेंटरकडे वळले. "खाली आणखी एक ओळ घाल. सौ. अहल्याबाई. ह्याच मापाची."

पेंटरनं भिंत वरपासून खालपर्यंत न्याहाळली. "एवढी मोठी घातली तर जागाच उरत नाही सार. स्वल्प लहान करतो."

"लहान नको," अण्णा म्हणाले. "नाही उरली तरी चालेल."