नानांची जागची न हलणारी गाडी

नाना निवृत्त ग्रंथपाल. उभी नोकरी त्यांनी पुस्तकांना वाचकांपासून जपण्यात घालवली. पुस्तक कपाटात असलं की सुखरूप, असं त्यांचं ठाम मत. निवृत्तीनंतर त्यांनी तेच आपल्या जुन्या मोटारीला लागू केलं.

मोटार इमारतीखाली उभी असे. रोज सकाळी नाना इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरत, गाडीत बसून किल्ली फिरवत, दिवे लावून बघत, वायपर एकदा हलवत, रेडिओवर एखादं गाणं ऐकत आणि गाडी बंद करून वर येत. बॅटरी उतरू नये म्हणून ही सेवा.

"काय म्हणते तब्येत?" नानी विचारत.

"ठणठणीत!"

"माझ्या गुडघ्यांची कधी एवढी चौकशी केली नाहीत."

गाडी फाटकाबाहेर का जात नाही, याची नानांकडे रहदारीपासून खड्ड्यांपर्यंत झाडून सगळी कारणं तयार असत. खरं कारण होतं फाटकाचा डावा खांब. मागे एकदा त्याला घासून दार खरवडलं आणि नानांचा धीर सुटला तो सुटलाच. हे फक्त नानींना ठाऊक होतं, आणि चारचौघांत त्यांनी ते कधी काढलं नव्हतं.

मग जावयाचा फोन आला. "नाना, रविवारी येतोय. गाडी उभ्या उभ्या सडतेय. विकून टाकू."

"सडतेय? एका किल्लीत सुरू होते!"

"आणि नाही झाली तर?"

"तर खुशाल विका!" नाना तावातावाने बोलून गेले. त्या दिवसापासून सेवा दुप्पट झाली. सकाळ-संध्याकाळ किल्ली, दिवे, गाणं.

रविवारी जावयासमोर नानांनी किल्ली फिरवली. गाडी 'टक्' म्हणाली आणि गप्प बसली.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला, तोही बंद पडलेली स्वतःची स्कूटर ढकलत. सगळं ऐकून त्याने कपाळाला हात लावला. "अहो नाना, नुसती उभी ठेवली असती तरी दोन-चार आठवडे सहज टिकली असती! सुरू करतानाच बॅटरीचा सगळ्यात जास्त जोर जातो. तो भरून यायला गाडी पळवावी लागते. तुम्ही तिला रोज उठवलंत, गायला लावलंत आणि उपाशीच झोपवलंत!"

नानांचा चेहरा एवढासा झाला.

मेकॅनिकने जावयाच्या गाडीला वायरी जोडून नानांची गाडी सुरू केली. "आता बंद करू नका. चांगली पाऊण तास फिरवून आणा."

"द्या, मी आणतो," म्हणत जावई पुढे सरसावला.

तेवढ्यात पुढचं दार धाडकन लागलं. आत नानी पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "जावईबापू, तुम्ही मागे बसा. आणि अहो, बघताय काय? चला."

फाटकाशी येताच नानांनी डाव्या खांबाकडे बघत ब्रेक दाबला.

"त्या दिवशी मी तुमचं डोकं खात होते," नानी हळूच म्हणाल्या. "आज गप्प बसते."

आणि त्या खरोखर गप्प बसल्या! या धक्क्यातून नाना सावरेपर्यंत खांब मागे पडलाही होता.

परत आले तेव्हा जावई मागच्या सीटवर घोरत होता. नानांनी गाडी बंद केली आणि श्वास रोखून पुन्हा किल्ली फिरवली. एका झटक्यात सुरू!

जावई दचकून जागा झाला. "ऐकलं, ऐकलं! ठेवा तुमची गाडी."

नानी मात्र उतरेनात. "आता चालूच आहे, तर माझ्या बहिणीकडे जाऊन येऊ."

"या वेळी? रहदारी..." नानांनी सवयीने सुरुवात केली. मग आरशातून खांबाकडे एकदा पाहिलं आणि रिव्हर्स टाकला.