हात लावण्याआधी

करूकाकांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण? अख्खी गल्ली त्यांना करूकाका म्हणायची. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं, गळ्याभोवती पांढरं कापड आलं, की काका दोन्ही हात मागे घ्यायचे, आरशातून त्याच्या डोळ्यांत बघायचे आणि विचारायचे, "करू का?" समोरचा 'हो' म्हणेपर्यंत डोक्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. त्यांची बायको मग आपोआप करूकाकू झाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

दुकान कसलं, एक चिंचोळी खोली. दोन खुर्च्या, त्यातली एकच वरखाली होणारी. आरशाचा एक कोपरा उडालेला. मागच्या दारात टॉवेल वाळत टाकलेले, आणि तुरटीचा नि पावडरीचा वास कायम. टॉवेल धुणं, केस झाडून काढणं आणि नवऱ्याला चार शब्द सुनावणं ही कामं काकूंची, आणि तिसऱ्या कामात त्यांनी कधी खाडा केला नाही.

सुनावण्यासारखं होतंही. कानामागे कशीबशी झालर उरलेल्या पोस्टमनलासुद्धा काका विचारायचे, करू का. "करा की," पोस्टमन एकदा म्हणाला, "घरात मला एवढंही कुणी विचारत नाही." एकदा एक दमलेला ड्रायव्हर उत्तर द्यायच्या आधीच खुर्चीत झोपला. काका बाकावर जाऊन बसले. तोवर आलेली गिऱ्हाइकं वाट बघून कंटाळली आणि समोरच्या दुकानात गेली. समोरचा दणादण मशीन फिरवून मोकळा व्हायचा. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. लहान पोराला कुणी हातपाय धरून बसवलं, की काका म्हणायचे, उद्या आणा, आज त्याचं मन नाही. तो उद्या बहुतेक वेळा समोरच्याकडे उगवायचा.

एकदा अंथरुणाला खिळलेल्या एका म्हाताऱ्यांची दाढी करायला दोघं त्यांच्या घरी गेली. त्यांची वाचा गेलेली. मुलगा म्हणाला, त्यांना काय कळतंय, करा सुरू. काका म्हाताऱ्यांच्या कानाशी वाकले, विचारलं आणि थांबले. काकू पाण्याचं भांडं धरून उभ्या. पायाला मुंग्या आल्या, पाणी निवलं. शेवटी चादरीवरचं एक बोट हललं, तेव्हा काकांनी ब्रश उचलला. मुलगा उठून बाहेर गेला तो बराच वेळ आत आला नाही. काकूंना त्या दिवशी फक्त राग आला होता. "एवढं काय विचारायचं असतं हो?" त्यांनी वाटेत फणकाऱ्याने विचारलं. काका म्हणाले, "डोकं त्यांचं आहे ना." विषय संपला.

गल्लीच्या टोकाला मोठी शाळा होती. काका महिन्यातून एकदा तिथे जाऊन मुलांचे केस कापायचे आणि त्या बदल्यात त्यांच्या मुलीची फी माफ होती. काकूंचा सगळा जीव त्या शाळेत अडकलेला. स्वतः काकूंना मुलीच्याच वयात एका सकाळी घरातून सांगितलं गेलं होतं, की उद्यापासून शाळा बंद, घरात हाताला माणूस हवंय. दप्तर धाकट्या भावाकडे गेलं. तेव्हापासून त्यांनी मनाशी धरलं होतं, की आपल्या पोरीच्या पाठीवरचं दप्तर कुणी काढायचं नाही.

शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, वाईट नव्हत्या. आदल्या वर्षी शाळेत मोठी मारामारी झाली होती, एका मुलाचा दात पडला होता, आणि पालकांनी बाईंना धारेवर धरलं होतं. तेव्हापासून फाटकावर पाटी लागली : पहिली चूक हीच शेवटची. घंटेनंतर आलात, फाटक बंद. शर्ट बाहेर दिसला, दिवसभर वर्गाबाहेर. आणि यंदा नवीन नियम आला, की मुलग्यांचे केस कॉलरला टेकले तर भर मैदानात, सगळ्यांसमोर, मशीनने डोकं साफ. सबब कुणाचीच ऐकायची नाही, कारण एकाची ऐकली की शंभरांच्या ऐकाव्या लागतात. शिस्त हवीच, असं काकूंनाही वाटायचं. आपल्या पोरीचं वागणं सरळ, तिला कसली भीती?

नवा नियम लागू झाला त्या सकाळी काकाकाकू नेहमीसारखे पिशवी आणि झाडू घेऊन गेले. मैदानात मुलांच्या रांगा. ऑफिसातली खुर्ची घंटेखाली मांडलेली, खिडकीतून मशीनसाठी वायर ओढलेली. कवायतीचे सर रांगांमधून फिरत होते आणि मानेवर बोटं ठेवून एकेकाला बाहेर काढत होते. पहिला नंबर लागला एका उंच मुलाचा. सरांनी त्याला खांद्याला धरून खुर्चीत दाबला, कापड स्वतःच बांधलं आणि काकांना म्हणाले, हं.

इथे आरसा नव्हता. म्हणून काका मशीन खाली ठेवून वळसा घालून मुलाच्या समोर आले, त्याच्या तोंडाशी वाकले आणि विचारलं, "करू का?"

मुलाला वाटलं, थट्टा चाललीय. त्याने सरांकडे बघितलं, मोठ्या बाईंकडे बघितलं. काका वाट बघत होते. कुणाची तरी पाण्याची बाटली आडवी झाली ती सगळ्यांना ऐकू आली. मुलाने परत काकांकडे बघितलं. "नको," तो म्हणाला.

"बरं," म्हणून काकांनी कापडाची गाठ सोडली.

मोठ्या बाईंना वाटलं, मशीन बिघडलं. काय झालं म्हणून त्या जवळ आल्या. नको म्हणतोय तो, काकांनी सांगितलं. नळाला पाणी नाही, हे सांगावं तशा आवाजात.

"त्याला विचारतंय कोण?" बाई म्हणाल्या.

"मी विचारलं," काका म्हणाले.

बाईंनी समजावून सांगितलं. ओरडल्या नाहीत, उलट आवाज खाली आणला. नियम सगळ्यांना सारखा नसेल तर तो नियमच नाही, आज याला सोडलं तर उद्या कुणीही उठून नको म्हणेल. सर म्हणाले, मी डोकं धरतो, तुम्ही फिरवा. काकांनी फक्त मान हलवली. काकूंचा जीव टांगणीला लागला. त्या झाडू टाकून पुढे झाल्या आणि दातओठ खात कुजबुजल्या, "अहो, फिरवा नि मोकळे व्हा. केसच आहेत, उगवतील परत."

"केस उगवतील गं," काका म्हणाले. "त्यानं नको म्हटलंय, त्याचं काय करू?"

तेव्हा मोठ्या बाईंनी शेवटचं बोलायचं ते बोलून टाकलं. तुमची मुलगी याच शाळेत आहे. कशावर शिकते ते तुम्हाला ठाऊक आहे. विचार करा.

काकांचा चेहरा उतरला. ते पायरीवर बसले. एवढ्या वर्षांत काकूंनी त्यांना काम सोडून असं मधेच बसलेलं पाहिलं नव्हतं. आता उठतील आणि मशीन हातात घेतील, असं काकूंना वाटलं, सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या सुटकेची लाजही वाटली. खुर्चीतला मुलगा अजून तसाच बसून होता, मांडीवर सुटलेलं कापड धरून.

काका उठले. "मग तिला विचारायला हवं," ते म्हणाले. "जागा तिची आहे."

मुलीला रांगेतून बोलावलं. ती आली, दोन वेण्या, हातात पट्टी. काकांनी तिला काहीही गोड करून सांगितलं नाही. "या मुलाचे केस मी कापले नाहीत, तर तुझी ही शाळा सुटेल बहुतेक," ते म्हणाले. "काय करू?" आणि हात मागे घेऊन थांबले.

काकूंच्या डोक्यात तिडीक गेली. एवढ्याशा पोरीवर एवढं ओझं? आपल्याच लेकराचा केसाने गळा कापायला निघालाय हा माणूस. ओरडायला तोंड उघडलं, आणि त्या क्षणी त्यांना त्यांचं लग्न ठरत होतं ती दुपार आठवली. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचं सगळं बोलून झालं होतं. या माणसाने मान वर करून थेट त्यांना विचारलं होतं, की तुमचं मन आहे का? घरचे म्हणतील तसं, त्या म्हणाल्या होत्या. "घरच्यांचं ऐकलं," तो म्हणाला, "तुमचं राहिलंय." आणि सगळे चुळबुळ करत असताना तो थांबला होता. मुलगा जरा साधा आहे, असं तेव्हा काकूंना वाटलं होतं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला काही विचारलं, हे त्यांच्या लक्षात यायला इतकी वर्षं आणि हे मैदान लागलं. उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं.

मुलीने खुर्चीतल्या मुलाकडे बघितलं. ओळखीचा नव्हता, वरच्या वर्गातला. मग बापाकडे बघितलं.

"त्याला विचारलंत?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

"नको म्हणाला."

"मग झालं की, बाबा," ती म्हणाली. "मला कशाला विचारताय?"

काकूंच्या अंगावर सरसरून काटा आला. पोरीची शाळा हातची जात होती, हे त्यांना दिसत होतं, आणि त्याच वेळी एवढं मोठं काहीतरी दिसत होतं की त्यापुढे रडूही येईना. ही आपली मुलगी. सकाळी हिला वेण्या घालताना आपण टपली मारली होती. बाप आणि लेक समोरासमोर उभे होते, दोघांच्या चेहऱ्यावर कसलाही आव नाही, आणि काकूंना वाटलं, आपण या दोघांच्या घरात इतकी वर्षं राहतो आणि ही माणसं आपल्याला आज दिसतायत. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला.

काका पिशवी भरायला लागले. तेवढ्यात बाजूला काढलेल्यांतून एक लहानसा मुलगा पुढे आला, डोळ्यांवर झिपऱ्या आलेला. "मला पण विचारणार का?" तो म्हणाला. काकांनी त्यालाही विचारलं, "करू का?" त्याने नीट विचार केला आणि म्हणाला, "पुढचे थोडे कापा. फळा दिसत नाही." काकांनी कात्रीने तेवढेच कापले. सगळं मैदान बघत होतं आणि कुणीच अडवलं नाही.

पुढे सगळं छान झालं, असं सांगितलं तर ते खोटं होईल. उंच मुलाला बाईंनी घरी बसवलं, सहामाहीनंतर परत घेतलं. काकांच्या जागी समोरच्या दुकानवाल्याला बोलावलं. मुलं आता मोठ्याने नको म्हणतात आणि तो मशीन फिरवतो, असं ऐकू येई. मुलीची फी माफी वर्षाअखेरीस बंद झाली. आता ती बाजारापलीकडच्या शाळेत जाते, चालत जावं लागतं, तिथले नळ गळतात अशी तिची तक्रार असते. काकूंनी बरेच दिवस भांडी आपटली. मैदानात अंगावर काटा येणं वेगळं, आणि रोज सकाळी पोरीला लांबच्या रस्त्याला लावणं वेगळं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. तो मुलगा नको का म्हणाला असेल? केसांखाली नक्की काहीतरी लपवत असणार. भाजल्याचा डाग, टाके, नाहीतर घरात कुणी मारल्याची खूण. काकांना विचारलं तर ते म्हणायचे, कारण कुठे विचारलं मी.

आणि एक दिवस तो मुलगा दुकानात आला. स्वतः होऊन खुर्चीत बसला. काकांनी कापड बांधलं, हात मागे घेतले, आरशातून विचारलं. "हो," तो म्हणाला, "एकदम बारीक करा." काकू झाडू घेऊन खुर्चीभोवती घुटमळत राहिल्या. एकेक बट खाली पडत होती आणि त्या टाचा उंचावून बघत होत्या. कानामागे, माथ्यावर, मानेपाशी. डाग नाही, टाका नाही, साधा तीळसुद्धा नाही. चारचौघांसारखं गोल, स्वच्छ डोकं. मुलगा त्यावर हात फिरवून, हसून निघून गेला.

"अहो, काहीच नव्हतं त्याच्या डोक्यावर," काकू म्हणाल्या.

"काय असायला हवं होतं?" काकांनी विचारलं.

काकू झाडूवर टेकल्या. म्हणजे नुसतं नको म्हणून नको. तेवढ्यावर या माणसाने मशीन खाली ठेवलं आणि तेवढ्यावर पोरीने शाळा सोडली. राग यायला हवा होता. त्यांनी आत चाचपून पाहिलं तर राग कुठे सापडेना. मैदानातला तोच काटा पुन्हा अंगावर आला, या वेळी आणखी खोल.

दुपारची वेळ, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. काकूंनी केस झाडून काढले आणि खुर्चीत बसल्या. मधूनअधून काका त्यांच्या वेणीची टोकं कापून द्यायचे. काकांनी कापड बांधलं, हात मागे घेतले आणि नेहमीसारखं विचारलं, "करू का?"

इतकी वर्षं त्या न बघताच म्हणायच्या, करा लवकर, गॅसवर भाजी आहे. आज त्यांनी मान वर केली आणि कोपरा उडालेल्या आरशात स्वतःकडे बघितलं.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "मला ठरवू दे."

करूकाकांनी कात्री खाली ठेवली आणि बाकावर जाऊन बसले.