लाईट होती, मी झोपलो होतो

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटतेय. मी रहिमतपूरचा, पण सध्या कॅरिबियनमधल्या एका बेटाच्या कॅस्ट्रीज या छोट्या राजधानीत राहून पुण्यातल्या कंपनीचं काम करतो.

आज पहाटेच्या मीटिंगला मला जागच आली नाही. साहेबांचा फोन आला, तेव्हा इंग्रजीत ठोकून दिलं, "सर, लाईट नाही. या बेटावर हे रोजचंच आहे."

बाहेर घरमालकीण मार्थाबाई झाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी ते ऐकलं. "तुझी गेलीय? आमच्याकडे तर आहे," म्हणत त्यांनी लांब वायर आणली आणि माझ्या खिडकीतून आत दिली. मीही त्याला लॅपटॉप जोडला.

नंतर वडिलांना फोनवर हे सांगितलं. सत्तरच्या दशकात ते फौजेत होते. म्हणाले, "तवा पलटणीत शहरातली पोरं आमाला बी म्हणायची, तुमच्या गावाकडं कुठं काय असतंय? लय लागायचं रं. आता तू बी तसंच बोललास व्हय?"

मग साहेबांना खरं सांगून टाकलं. ते हसले.

दुपारी मार्थाबाईंनी काळजीनं विचारलं, "आली का रे लाईट?"

मी म्हणालो, "आली."

आता त्यांच्यापुढं कुठल्या तोंडानं जाऊ, तुम्हीच सांगा.